बांधापासून खंडपीठापर्यंत: किल्लारी परिसर आणि वेळेवर मिळणारा न्याय

कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात न्यायाला होणारा विलंब न्यायालयातील प्रलंबित प्रकरणांच्या आकड्यांवरून पुरता उमगत नाही, कारण तेथील बहुतेक दिवाणी तंटे जमिनीचे असतात आणि जमिनीचा तंटा न्यायालयात पोहोचण्याच्या कितीतरी आधी तलाठ्याच्या दप्तरात, मोजणीच्या नकाशात किंवा दोन शेतांमधल्या बांधावर उभा राहिलेला असतो. बंगळुरूच्या ‘दक्ष’ या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातील पक्षकारांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यातील दिवाणी पक्षकारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक जमीन आणि मालमत्तेच्या वादांसाठी न्यायालयात आलेले होते. त्यामुळे ग्रामीण भागात न्याय वेळेवर का मिळत नाही, याचे उत्तर शोधताना न्यायदालनाइतकेच महसुली दप्तराकडेही पाहावे लागते. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले किल्लारी आणि त्याच्या भोवतालची गावे या अभ्यासासाठी विशेष महत्त्वाची आहेत, कारण १९९३ च्या भूकंपाने येथील वारसा, मालकी, पालकत्व आणि भरपाईचे असंख्य प्रश्न एकाच पहाटे एकत्र उभे केले.

भूकंपाने उभे केलेले कायद्याचे प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची घरे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळल्याने अनेक घरांतील दोन-तीन पिढ्या एकाच वेळी गेल्या. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली.

या कार्यक्रमात घराचे आकारमान जमीनधारणेवरून ठरवले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबाला २५० चौरस फुटांचे, एक ते सात हेक्टर असलेल्याला ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५० चौरस फुटांचे घर, असे ते सूत्र होते. जमिनीच्या महसुली नोंदीचे महत्त्व त्यामुळे एकदम वाढले. ज्या घरात वडिलांच्या मृत्यूनंतर वारसांची नावे लागलेली नव्हती, किंवा तीन भावांची वाटणी तोंडी होऊन प्रत्येकजण वेगळा संसार करत होता पण कागदावर एकच खाते होते, त्या घरात कोणाचे कुटुंब वेगळे धरायचे आणि कोणाची जमीन किती मानायची हा प्रश्न आपोआप येत होता. जी नोंद वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहिली नव्हती, तिच्यावर आता डोक्यावरचे छप्पर अवलंबून होते.

याहून अवघड प्रश्न वारशाचा होता. एका घरातील दोन माणसे एकाच ढिगाऱ्याखाली गेली, तर आधी कोण गेले हे कोणी सांगू शकत नाही. पण वारसाहक्काच्या कायद्यात या क्रमावर बरेच काही ठरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २१ ने अशा प्रसंगासाठी एक गृहीतक दिले आहे. कोणाच्या मागे कोण जिवंत होते हे अनिश्चित असेल, तर विरुद्ध गोष्ट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेली व्यक्ती मोठीच्या नंतर मृत्यू पावली असे मानावे, असे हे कलम सांगते. समजा, वडिलांच्या स्वतंत्र मालकीची बारा एकर जमीन आहे, वडील आणि अविवाहित मुलगा भूकंपात गेले आणि आई व एक विवाहित मुलगी मागे राहिल्या. कलम २१ प्रमाणे मुलगा वडिलांनंतर गेला असे धरले, तर आई, मुलगी आणि मुलगा यांना प्रथम प्रत्येकी चार एकर येतात आणि मग मुलाचे चार एकर त्याच्या आईकडे जातात. म्हणजे आईला आठ आणि मुलीला चार एकर मिळतात. मुलगा आधी गेला असे सिद्ध झाले, तर दोघींना सहा-सहा एकर मिळतात. दोन एकरांचा हा फरक कोणाच्या कष्टावर किंवा हक्काच्या भावनेवर उभा नसून, ज्याचा साक्षीदार उरलेला नाही अशा काही क्षणांवर उभा आहे. असा हिशेब गावात बसून समजावून सांगणारा जाणकार वेळीच भेटला नाही, तर मायलेकींमध्येही तेढ निर्माण होऊ शकते.

मुलींच्या हक्काबाबत काळाचा योगही प्रतिकूल ठरला. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ रोजी, म्हणजे भूकंपानंतर सुमारे नऊ महिन्यांनी अमलात आली आणि त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. केंद्रीय कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले ते ११ ऑगस्ट २०२० रोजी. १९९३ मध्ये वडील गमावलेल्या लेकीच्या दृष्टीने कायद्याचा अर्थ निश्चित व्हायला सत्तावीस वर्षे लागली, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या नोंदणीकृत वाटण्या तर याही निर्णयाने अबाधितच ठेवल्या.

अनाथ झालेल्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, हे कार्य सर्वश्रुत आहे. अशा मुलांची जमीन गावीच होती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार अज्ञान मुलाच्या स्थावर मालमत्तेची विक्री नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय करता येत नाही, आणि पालकाने तशी विक्री केली तर मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत ती रद्द करून मागता येते. भूकंपाच्या वेळी पाच वर्षांचे असलेले मूल २००६ च्या सुमारास सज्ञान झाले आणि त्याची ही मुदत २००९ च्या आसपास संपली. कायद्याने संरक्षण दिले होते. पण आपल्या नावे कोणती जमीन होती आणि दाद कधीपर्यंत मागता येते, हे वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत त्या मुलाला कळले तरच त्या संरक्षणाचा उपयोग होता.

ज्यांची शेते नव्या गावठाणांसाठी घेतली गेली, त्यांनाही मुदतींचा सामना करावा लागला. त्या काळी लागू असलेल्या भूमी संपादन अधिनियम, १८९४ नुसार निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा अधिकाऱ्याचा आदेश, मान्य नसेल तर कलम १८ खाली प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करावी लागे, आणि निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यासाठी ही मुदत अवघी सहा आठवड्यांची होती. शेजाऱ्याला न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाला, तर त्याच अधिसूचनेतील इतरांनाही कलम २८अ खाली तेवढाच मोबदला मागता येई. मात्र तोही न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत. न्यायालयात काय निकाल लागला हे गावात तीन महिन्यांत पोहोचेलच, असे गृहीत धरून ही तरतूद लिहिलेली होती.

दप्तरात सुरू होणारा तंटा

सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा असतो. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, तिचे क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणते बोजे व इतर हक्क आहेत हे लिहिलेले असते, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. खातेदार मरण पावला, जमीन विकली गेली किंवा वाटणी झाली, तर त्या बदलाची नोंद प्रथम नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी दिला जातो आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण तिच्यामुळे मालकी मिळते असे नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाचा असतो.

या दुहेरी रचनेत शेतकऱ्याची फरफट होते. फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, तेथून जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याकडे दुसरे अपील, पुढे विभागीय आयुक्त, असा महसुली प्रवास काही वर्षे चालतो आणि अखेरीस मालकीच्या वादासाठी दिवाणी न्यायालयात जावे, असा आदेश हाती पडतो. दरम्यान ज्याचे नाव उताऱ्यावर आहे त्याला पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानीची मदत मिळत राहते, तर ज्याचे नाव नाही तो शेत कसत असला तरी या सर्वांबाहेर राहतो.

मराठवाड्यात या अडचणीला इतिहासाची जोड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तेथील महसुली व्यवहार मोठ्या प्रमाणावर उर्दूत चालत असे. सेतवार, खासरा पाहणी पत्रक अशी जुनी कागदपत्रे आजही दाव्यांत पुराव्यासाठी काढावी लागतात आणि ती वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. पुढे जमीन एकत्रीकरण योजनेत अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. त्या वेळी कागदावरचा गट एकाच्या नावे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, अशी अदलाबदल जेथे झाली, तेथे ती बहुधा पुढची पिढी जमीन विकायला किंवा तिच्यावर कर्ज काढायला निघाली तेव्हाच उघड झाली.

वाटपाच्या दाव्याचा मार्ग

विलंब नेमका कोठे साचतो हे समजण्यासाठी वाटपाच्या एका सर्वसाधारण दाव्याचा मार्ग पाहणे उपयुक्त ठरते. भावाने हिस्सा नाकारला म्हणून बहीण औशाच्या दिवाणी न्यायालयात दावा लावते. प्रतिवादींना समन्स बजावले जाते. त्यांपैकी एक पुण्यात, एक मुंबईत असेल तर बजावणीलाच काही महिने जातात. प्रतिवादी कैफियत, म्हणजे आपले लेखी म्हणणे, देतात; त्यांच्यापैकी कोणी मधेच वारले तर त्यांच्या वारसांना अभिलेखावर आणावे लागते. जमीन परस्पर विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकुमाचा अर्ज होतो आणि त्यावरच्या आदेशाविरुद्ध स्वतंत्र अपील होऊ शकते. मग न्यायालय मुद्दे काढते, साक्षीपुरावा होतो, युक्तिवाद होतो आणि हुकूमनामा होतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने काम येथे संपलेले नसते. हुकूमनाम्याने फक्त हिश्शाचे प्रमाण ठरते. प्रत्यक्ष शेत कोणत्या बाजूने किती तोडायचे, हे ठरायचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकारी किंवा त्याने नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. त्यामुळे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाल्यावर कागदपत्रे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तेथून तहसीलकडे आणि तेथून मोजणीसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातात. मोजणीचा दिवस ठरतो. त्या दिवशी शेतात पीक उभे असले, लगतचा खातेदार हजर नसला किंवा कोणी हरकत घेतली, तर काम पुढे ढकलले जाते. दावा चालू असताना न्यायालयाने हद्दीच्या पाहणीसाठी नेमलेल्या कोर्ट कमिशनरचे कामही बहुधा याच कार्यालयाकडे येते. न्यायाधीशांची संख्या वाढली तरी मोजणीदारांची वाढली नाही, तर निकाल लवकर लागूनही शेत हातात येण्याची तारीख फारशी अलीकडे येत नाही, हे या मार्गावरून दिसते.

हंगाम आणि मुदत

शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून सुरू होते. सोयाबीन आणि तूर जूनमध्ये पेरायची, हरभरा आणि ज्वारी पाऊस ओसरल्यावर. हे दिवस चुकले तर वर्ष हातचे जाते. मशागत एप्रिल-मे महिन्यांत होते आणि बांध कोरल्याचे, गाडीवाट नांगरल्याचे वाद नेमके तेव्हा पेटतात. याच मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुटी असते आणि फक्त तातडीची कामे चालतात. वाट अडवल्यामुळे ज्याला बियाणे आणि औत शेतात नेता येत नाही, त्याच्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा हीच खरी मुदत असते.

रस्त्याच्या तंट्यांसाठी कायद्याने जलद मार्ग ठेवलेला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यातील अडथळा काढण्याचा आदेश देऊ शकतो. त्यासाठी अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. जेथे रस्ताच नाही तेथे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. या दोन तरतुदींतील फरक अर्जदाराला ठाऊक नसतो. चुकीच्या कलमाखाली केलेला अर्ज वर्षभराने फेटाळला जातो, आणि तोवर पहिल्या कलमाची सहा महिन्यांची मुदत उलटून गेलेली असते.

मुदतींचा हा असमतोल पीकविम्यात अधिक ठळकपणे दिसतो. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तीने किंवा काढणीनंतर झालेल्या नुकसानीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांत द्यायची असे. शिवार पाण्याखाली, वीज गेलेली आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळीही हे तास मोजले जात. खरीप २०२० मधील सोयाबीनच्या नुकसानीसाठी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले आणि २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. शेतकऱ्याला तीन दिवसांची मुदत आणि त्याच्या हक्काच्या पैशासाठी दोन वर्षांची प्रतीक्षा, ही विषमता कोणत्याही न्याय्य व्यवस्थेला शोभणारी नाही.

न्यायालयाचे अंतर

राज्य पुनर्रचनेनंतर १९५६ पासून मराठवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला आणि पुढची पंचवीस वर्षे येथील पक्षकाराला वरच्या अपिलासाठी मुंबई गाठावी लागली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबाद येथे खंडपीठाचे काम सुरू झाले. त्याला आव्हान देण्यात आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मराठवाड्याच्या मागणीला आलेले हे यश मोठे होते. तरीही लातूरपासून ते शहर अडीचशे किलोमीटरहून दूर आहे, आणि किल्लारीपासून लातूर आणखी चाळीस किलोमीटरच्या आसपास. पश्चिम महाराष्ट्रासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले, यावरून न्यायालय जवळ असावे ही मागणी किती व्यापक आणि किती चिवट आहे हे लक्षात येते.

अंतर मोजताना किलोमीटरपेक्षा बुडालेले दिवस मोजावे लागतात. तारखेला जाणाऱ्या शेतमजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे आणि झेरॉक्सचा खर्च वेगळा. जनावरांना चारापाणी करायला मागे कोणी नसेल तर तोही प्रश्न असतो. पुढची तारीख मिळाली एवढेच ऐकून परतण्यासाठी हा खर्च पुन्हापुन्हा करावा लागला, की गरीब पक्षकार हळूहळू यायचा थांबतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण या अनुभवातून रुजलेली आहे. पण दुबळ्याने ती पाळली तर बांध कोरणाऱ्याचे फावते.

गावापर्यंत आणलेला न्याय

ग्रामन्यायालय अधिनियम, २००८ हा या अंतरावरचा सर्वांत विचारपूर्वक केलेला उपाय आहे. २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेल्या या कायद्यानुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी गावोगाव जाऊन काम चालवू शकतो, कोर्ट फी शंभर रुपयांपेक्षा जास्त नसते, दिवाणी प्रकरण सहा महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा असते आणि अपीलही सहा महिन्यांत संपवायचे असते. देशभर पाच हजारांहून अधिक अशी न्यायालये कल्पिलेली होती. प्रत्यक्षात त्यांचा अगदी थोडा भाग उभा राहिला, कारण ती स्थापन करणे राज्यांवर बंधनकारक नव्हते.

लोकअदालतीचा मार्ग अधिक रुळला. तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, तिच्याविरुद्ध अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावपातळीवरच्या तडजोडीला प्रतिष्ठा दिली. या दोन्ही मार्गांचे मोल मोठे असले तरी एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या गावात एका पक्षाकडे पाणी, पैसा आणि जातीचे वजन आहे, तेथे विधवेने किंवा दलित शेतमजुराने दिलेली संमती खरोखर स्वेच्छेची आहे का, हे तपासणारा बाहेरचा जाणकार हजर असायला हवा.

तो जाणकार मोफत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांच्याबरोबरच दुष्काळ, पूर आणि भूकंप यांसारख्या आपत्तींत सापडलेल्या व्यक्तींनाही मोफत वकील मिळू शकतो. हा कायदा प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९९५ रोजी, किल्लारीच्या भूकंपानंतर दोन वर्षांनी अमलात आला. आज तालुका विधी सेवा समिती आणि १५१०० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. दुष्काळाचे नाव कायद्यातच असल्याने मराठवाड्यातील कितीतरी शेतकरी या मदतीचे हक्कदार ठरू शकतात, पण ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर क्वचितच वाचायला मिळते.

महसूल विभागाच्या अलीकडच्या काही उपायांनी तंट्याच्या उगमाला हात घातला आहे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या सलोखा योजनेत, किमान बारा वर्षे एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांना केवळ एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी शुल्क भरून अदलाबदलीचा दस्त करता येऊ लागला. एकत्रीकरणाच्या वेळी झालेल्या घोळावर हे थेट औषध आहे. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर घेतलेल्या जिवंत सातबारा मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेण्यात आले.

या साऱ्यावरून एक निष्कर्ष स्पष्टपणे मांडता येतो. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली होती आणि देश अजून तिच्या निम्म्यापर्यंतही पोहोचलेला नाही. न्यायाधीशांची ही पदे भरलीच पाहिजेत. पण किल्लारीसारख्या गावात न्यायाचा वेग प्रथम तीन साध्या गोष्टींवर ठरतो: मृत्यूनंतर वारसनोंद किती दिवसांत होते, मोजणीदार किती दिवसांत शेतावर येतो आणि मुदत संपण्यापूर्वी ती मुदत आहे हे शेतकऱ्याला कोण सांगते. भूकंपानंतर शासनाने सारी यंत्रणा गावात नेऊन बसवली होती, म्हणजे ती नेता येते हे सिद्ध झालेले आहे. वर्षातून एकदा, उन्हाळी मशागतीपूर्वी, मंडळ अधिकारी, मोजणीदार, विधी सेवा समितीचा वकील आणि शक्य तेथे ग्रामन्यायालयाचा न्यायाधिकारी यांनी एकत्रितपणे मंडळातील प्रत्येक गावात बसावे, वारसनोंदी पूर्ण कराव्यात, वाटा आणि हद्दी जागेवर ठरवून त्यांची सातबाऱ्यावर नोंद घ्यावी आणि न मिटणारे वाद त्याच दिवशी योग्य कलमाखाली दाखल करून घ्यावेत. त्यासाठी लागणारे बहुतेक कायदे आज अस्तित्वात आहेत. ते वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेले आहेत. त्यांना पेरणीपूर्वी एका ठिकाणी आणणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याची मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून केली पाहिजे.